खोक्यातली बुटाची नाडी

इडेला राउंट्रीचा, गिटारचा आवाज मोठा करणारा, अ‍ॅम्प गुणगुणायला लागला तेव्हा चर्चमधल्या लोकांनी आधी समजुतीनं घेतलं. मग गुणगुण वाढली. बिशप आवाज खाली आणून प्रार्थना म्हणायला लागले की मागून हा घूंऽऽ करून साथ द्यायचा. शेवटी चर्चमधल्या सगळ्यात थोरल्या, मदर झेनोबियानं तोंड उघडलं. बाईचं वय नव्वदीला टेकलेलं, पण जीभ अजून विशीतच होती. "सिस्टर, तुझ्या खोक्यात कुणी मेलंय का गं? माशा घोंगावतायत."

सगळे हसले. इडेलाही हसली. न हसून सांगते कुणाला? गेली कित्येक वर्षं ती या चर्चमध्ये सगळं हसण्यावारी न्यायला शिकली होती.

ओकाला गावाच्या उत्तरेला, संत्र्याच्या बागा संपतात तिथल्या या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये ऑर्गन कधी नव्हताच. इथे देवाला हाक मारायची ती स्टील गिटारनं. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात लोखंडी कांडी धरून तारांवरून सरकवायची, की गिटार माणसासारखी रडते. आणि इडेलाचा बाप, चर्चचा मानकरी डीकन क्लीओफस राउंट्री, अशी रडवायचा की बाया चपला सोडून नाचायच्या. त्याचा सूर निघाला की आधी गुडघ्यावर बसल्यागत खाली वाकायचा आणि मग हळूहळू उठून उभा राहायचा. तसा वाकणारा सूर दुसऱ्या कुणाला जमला नाही. जमला तो इडेलाला. बाप होता तोवर त्याच गिटारवर, त्याच अ‍ॅम्पवर ती वाजवायची आणि लोक डोळे मिटून विचारायचे, आत्ता बाप वाजवतोय की लेक?

बाप गेला आणि सूर वाकेना. ताठ, काठी गिळल्यासारखा. पहिल्या रविवारी तिला वाटलं, दुःखानं असेल. दुसऱ्या महिन्यात वाटलं, सवय मोडली असेल. वर्ष सरलं तसं तिनं चर्चमध्ये उभं राहून कबूल केलं की देवानं हातातलं देणं काढून घेतलं. कुठंतरी आपलंच चुकलं असणार. तिनं उपास केले. पहाटे उठून बापाचा मार्च, दानाच्या वेळी वाजायची ती चाल, वाजवून बोटं सुजवून घेतली. चर्चच्या बायांनी तिच्या हातांवर हात ठेवून प्रार्थना केली. काही म्हणता काही झालं नाही.

आणि तिकडे तिचा आतेभाऊ आर्विस, ज्याची गिटार आधी कुणी कान देऊन ऐकली नव्हती, तो असा काही वाजवायला लागला की बिशपनी भर मेळाव्यात जाहीर केलं, मामाचा हात भाच्याला लागला! आर्विसचा सूर वाकायचा आणि उठायचा, हुबेहूब. इडेला मागच्या बाकावर बसून रडली होती आणि रडतारडता देवाचे आभार मानले होते, की निदान घरात तरी राहिलं. घ्या! इतकी भाबडी बाई शोधून सापडायची नाही.

त्याच मेळाव्यानंतर आर्विस तिच्या घरी, प्रार्थनेत लावतात त्या ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन आला. तिच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून त्यानं तिच्या दहाही बोटांना तेल लावलं. म्हणाला, "इडी, देव देतो, देवच हलवतो. तू मनाला लावून घेऊ नकोस." तिनं त्याला रताळ्याचं गोड पक्वान्न वाढलं, उरलेलं बांधूनही दिलं.

आता तर बिशपनी गोड शब्दांत सुचवलं होतं की यंदाच्या मेळाव्यात दानाच्या वेळचा मार्चही आर्विसनंच वाजवावा. हा मार्च तिच्या बापानं बसवलेला. इडेलानं हात जोडले. एकदाच वाजवू द्या, म्हणाली, मग गिटार पेटीत घालते, पुन्हा काढत नाही. बिशप म्हणाले, ठीक आहे, पण ती गुणगुण घालवून ये.

आर्विस एरवी धावत आला असता. पण या एका कामाला तो सदा नाट लावायचा. "आतले कपॅसिटर बदललेस तर मामाचा उरलासुरला आवाजही जाईल, इडी. उघडूच नकोस." म्हणून तर ती त्याला न सांगता, चोरी केल्यासारखं तोंड करून, अ‍ॅम्प गाडीत घालून बर्लकडे गेली.

बर्ल हेगन रस्त्यापलीकडच्या गावातला गोरा माणूस. पोट सुटलेला, बडबड्या, गॅरेजमध्ये जुने अ‍ॅम्प दुरुस्त करायचा आणि दिवसभर उकडलेल्या शेंगा खायचा. त्यानं खोकं फिरवून फिरवून पाहिलं. बापाच्या इस्त्रीचा डाग, घोड्याच्या सामानाचा पट्टा कापून केलेली मूठ. "हे खोकं बोलतंय हो, मिस इडेला."

"बोलतंय कुठे? गुणगुणतंय."

"ते कपॅसिटर गेल्यामुळं." त्यानं मागची फळी काढली. "भिंतीतून वीज येते ती खडबडीत. हे तिला गाळून सपाट करतात, आणि थोडी पोटात साठवून ठेवतात. तुम्ही जोरात सूर मारलात की त्या साठ्यातली देतात. म्हातारे झाले की सुकतात. मग गाळणं संपलं, सगळा गाळ स्पीकरमधून बाहेर." त्यानं एक वायर आत टेकवून धरली. "थांबा, आधी रिकामे करू. प्लग काढला तरी यांच्या पोटात वीज राहते. माझ्या मेव्हण्यानं एकदा बोट घातलं होतं. तेव्हापासून तो नेमानं चर्चला जातो."

"मला डॅडीनं बसवले होते तसेच हवेत," इडेला म्हणाली. "तेवढ्याच मापाचे. दुसरं काही घालू नका."

"आत बघितलं की कळेल ना." त्यानं कपॅसिटरवरचं पत्र्याचं झाकण उघडलं, बॅटरी मारली आणि एकदम शीळ घातली. "अरे देवा! मिस इडेला, तुम्हाला लॉटरी लागलीय!"

"का हो?"

"कोरा करकरीत! कारखान्यातून निघाल्यापासून इथं कुणी हात घातलेला नाही. हे बघा, प्रत्येक जोडावर कारखान्याचा पिवळा ठिपका, एकसुद्धा मोडलेला नाही. सगळे कपॅसिटर मूळचे, सोळाच्या मापाचे. असा न उघडलेला अ‍ॅम्प मी जन्मात दोनदा पाहिलाय. जमवणारे लोक यासाठी बायकोसुद्धा विकतील."

इडेला पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"नाडी कुठंय?"

"कसली नाडी?"

"माझ्या बुटाची."

बर्लनं शेंग तोंडात टाकता टाकता हात थांबवला.

इडेला तेव्हा लहान होती, पण तो शनिवार तिला काल घडल्यासारखा आठवत होता. वीज पडली आणि डॅडीचा अ‍ॅम्प बसला. उद्या रविवार. डॅडी गावातल्या दुकानात गेला, तर काउंटरवरच्या माणसानं वर न बघता सांगितलं, तुमच्या लोकांसाठी आम्ही माल मागवत नाही. डॅडी घरी आला आणि त्यानं आजीचा बंद पडलेला रेडिओ फोडला. त्यातले कपॅसिटर आठाचे, अ‍ॅम्पला हवे सोळाचे. डॅडी म्हणाला, निम्मं तर निम्मं, देव भागवून घेईल. बसवायला पकड नव्हती, ते आत डुगडुगत होते. इडेला बॅटरी धरून उभी होती. डॅडीनं तिच्या रविवारच्या बुटाची पांढरी नाडी काढली, वितळलेल्या मेणबत्तीत बुडवली आणि सगळे एकत्र करकचून बांधले. दुसऱ्या दिवशी ती एका बुटात सुतळी ओवून चर्चला गेली. दारातच झेनोबियानं, तेव्हा ती मदर नव्हती, नुसतीच तोंडाळ होती, आख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "या पोरीचा एक पाय चर्चला निघालाय आणि दुसरा शेतावर!" त्यावरून कितीतरी वर्षं तिला सगळे सुतळीच म्हणत होते.

आणि त्याच रविवारी डॅडीचा सूर पहिल्यांदा वाकला होता.

तिनं हे सगळं सांगितलं तेव्हा बर्लनं बॅटरी पुन्हा उचलली. मग त्यानं खोक्याच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं. "स्क्रूची जुनी भोकं इथं आहेत. आताचे स्क्रू त्यांच्या शेजारी मारलेत. खोकं तुमच्या वडिलांचं, पोट दुसऱ्याचं. मॉडेल तेच, म्हणून बेमालूम बसलं. हा कुणाच्या हाती दिला होता तुम्ही?"

हा अ‍ॅम्प आयुष्यात एकदाच, एकाच माणसाच्या हाती गेला होता. बापाचं दफन झालं त्या आठवड्यात आर्विस म्हणाला होता, मामाचा अ‍ॅम्प धुळीनं भरलाय, आण, साफ करून देतो. त्याचा स्वतःचा तसलाच अ‍ॅम्प होता, त्याच वेळी घेतलेला, पण फारसा न वापरलेला. त्यानं रविवारच्या आत आणून दिला होता, वरून पुसून, चकचकीत.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शत्रूला एवढं जमत नाही, त्याला घरात कोण घेतं?

"काय घालू मग?" बर्लनं हळूच विचारलं. त्यानं टेबलावर तीन प्रकार मांडले. "हे सोळाचे, मूळ मापाचे. हे मोठे, चाळिसाचे. आजकाल स्टीलवाले हेच मागतात, सूर दगडासारखा पक्का राहतो. आणि आठाचे म्हणाल तर आहेत, पण मी कुणाला घालून देत नाही. साठा निम्मा, जोरात वाजवलंत की दम टाकणार. थोडी घूं पण राहणारच."

"राहू दे. आमच्या घरी तिला मधमाशी म्हणायचे. तिन्ही लावून बघा, मी वाजवते."

त्यानं आधी सोळाचे चिमटे लावून जोडले. इडेलानं गिटार मांडीवर घेतली आणि बापाच्या मार्चची पहिली ओळ वाजवली. गुणगुण साफ गेली होती, पण सूर ताठच. मग चाळिसाचे. सूर आणखीनच कडक, खळ घातलेल्या कॉलरसारखा. तिनं हात उचलला. "काढा हे. माझा जीव गुदमरतोय."

मग आठाचे लावले. तिनं कांडी सरकवली. सूर निघाला, गुडघ्यावर बसला, आणि हळूहळू उठून उभा राहिला.

ती थांबली. पुन्हा वाजवलं. पुन्हा तसंच. तेच हात होते, तीच बोटं, जी तिनं उपाशी राहून पहाटे झिजवली होती, देवापुढे पसरून माफी मागितली होती.

"तुमच्या हातांना काय धाड भरलीय, मिस इडेला?" बर्ल म्हणाला. "हात तर झकास आहेत."

यावर मात्र तिचा बांध फुटला. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रडू नव्हतंच ते, संताप होता. तिनं बर्लच्या गॅरेजमध्ये उभं राहून अशा शिव्या दिल्या की तिच्या बापानं ऐकल्या असत्या तर डीकनपद सोडलं असतं. बर्लनं शेंगांची पिशवी पुढे केली. तिनं दोन शेंगा खाल्ल्या, तोंड पुसलं आणि म्हणाली, "हेच पक्के बसवा."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मैदानात ओकच्या झाडांखाली तंबू लागला होता. बाया मासे तळत होत्या. आर्विस स्टेजवर वायरी जोडत होता. नवा सूट, नव्या खोक्याचा अ‍ॅम्प. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आर्विस, ते फिरव. मागनं बघायचंय मला."

"अगं, इडी! काय बघायचंय? धूळ आहे नुसती." तो हसला. "मासे खाल्लेस का? सिस्टर बर्थीनचे गरम आहेत, जा."

"फिरव म्हणते ना. आत माझ्या बुटाची नाडी आहे."

त्याचं हसू ओठांवरच वाळलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि स्टेजच्या कडेला बसला. हातातल्या वायरीचं वेटोळं करायला लागला.

"मला वाटलं होतं तुला कळेल," तो म्हणाला. "एका रविवारात कळेल, तू ओरडशील, मी हसत परत आणून देईन. खरंच, इडी. मला फक्त एकदा मामासारखं वाजवून बघायचं होतं. पण तू उभी राहिलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, माझे हात गेले. मग मी काय करणार होतो?"

"काय करणार होतास? सांगणार होतास!"

"लोक माझ्यासाठी उभे राहायला लागले होते. माझ्यासाठी, इडी! लहानपणापासून मला कुणी विचारलं होतं का? सगळं तू आणि मामा, मामा आणि तू."

"म्हणून चोरलास? चोरलास तर चोरलास, खोकंच होतं ते. पण माझ्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून तू मला तेल लावलंस, आर्विस. माझ्या बोटांना. तुला माहीत होतं, या बोटांना काही झालेलं नाही, आणि तू लावलंस."

त्यानं तिचा हात धरला. त्याचे डोळे भरले होते, आणि खरे भरले होते, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "उद्या देवापुढे साक्ष द्यायच्या वेळी मी स्वतः उठून सगळ्यांना सांगतो. माझ्या तोंडून ऐकू दे त्यांना. तेवढी अब्रू ठेव. मग अ‍ॅम्प तुझा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. रक्ताचा भाऊ, आत्याची आठवण. इडेलानं मान हलवली आणि घरी आली.

रविवारी तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. दानाची वेळ झाली. इडेला स्टेजवर बसली, शेजारी तिचं डाग पडलेलं खोकं. बारीक घूं ऐकून मदर झेनोबियानं पहिल्या रांगेतून नाक मुरडलं. मग इडेलानं मार्च सुरू केला. पहिला सूर वाकला तशी मदर झेनोबियाची मान वर आली. दुसरा वाकून उठला तेव्हा ती काठी टाकून उभी राहिली होती. मग काय विचारता! बाया धावत सुटल्या, माणसं बाकांवर चढली, दानाच्या टोपल्या कुणाच्या हाती आहेत याची शुद्ध राहिली नाही. मार्च संपला तरी लोक थांबेनात. बिशप माइकवर ओरडत होते, "परत आलं! सिस्टर इडेलाचं देणं परत आलं! कुणाला साक्ष द्यायचीय?"

आर्विस उठला. इडेलानं गिटार मांडीवर आडवी धरून त्याच्याकडे पाहिलं. आत, अगदी आत, तिला त्याची दयासुद्धा आली, की आता याला केवढं जड जाणार.

त्यानं माइक घेतला. लोकांकडे पाहिलं. हजार चेहरे त्याच्याकडे बघत होते, ओले, आनंदलेले, त्याच्यावर माया करणारे. त्याचे ओठ एकदा हलले आणि मिटले.

"भावांनो, बहिणींनो," तो म्हणाला, "माझ्या या बहिणीचे हात गेले तेव्हा मी गुडघ्यावर बसून प्रार्थना केली. याच हातांनी तिच्या बोटांना तेल लावलं. मी सांगत होतो तिला, देव ऐकतो. आज त्यानं ऐकलं!"

तंबू कोसळेल एवढा गजर झाला. बिशपनी त्याला मिठी मारली आणि कुणीतरी तेलाची बाटली त्यांच्या हातात दिली. "ब्रदर आर्विस, ज्या हातांनी लावलंस त्याच हातांनी पुन्हा लाव! देवाचे आभार मान!"

आर्विस बाटली घेऊन तिच्यासमोर आला आणि गुडघ्यावर बसला. वर बघायची त्याची हिंमत नव्हती. "इडी," तो पुटपुटला, "आता नको. तुझ्या पाया पडतो. घरी जाऊन बोलू."

इडेलानं दोन्ही मुठी मिटल्या. त्यानं एक मूठ उघडायचा प्रयत्न केला. ती उघडली नाही. बिशपनी हसत माइक तिच्यापुढे धरला, "हात दे, सिस्टर, लाजू नकोस."

"देते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आधी याच्या अ‍ॅम्पमधून माझ्या बुटाची नाडी काढून द्या."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. हसावं की आमेन म्हणावं, कुणालाच कळेना. बिशपचा माइक तिच्यापुढे तसाच राहिला. आर्विसच्या हातातल्या बाटलीचं तेल त्याच्या नव्या सुटावर सांडत होतं, आणि तो ती सरळ करत नव्हता.

पहिल्या रांगेत मदर झेनोबिया अजून उभीच होती. तिनं आर्विसच्या चकचकीत खोक्याकडे बघितलं, मग इडेलाच्या पायांकडे बघितलं.

"सुतळी," ती म्हणाली. "अरे देवा, सुतळी. त्या दिवशीची नाडी तुझ्या खोक्यात कशी आली रे, आर्विस?"

नुसती मधमाशी गुणगुणत होती.